एकशे चौतीस वजा शहात्तर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण वाचताना माझ्या हातात पेन्सिल असते. कुणी "बराच वेळ" असं लिहिलं की मी समासात लिहितो – किती? कुणी "अचानक गारवा जाणवला" असं लिहिलं की – महिना कुठला, पंखा चालू होता का? बायको म्हणते, तुम्हाला भूत भेटलं तर तुम्ही आधी त्याची उंची मोजाल. मला कुणी भेटलेलं नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही "आता बसला" असं मी लिहून देणार नाही. माझ्याकडे एक नोंद आहे. ती कुठेच बसत नाही. ती इथे जशी आहे तशी मांडतो.

मी सोलापुरात एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक आहे. सत्तावीस वर्षं झाली. मुलांना लंबक टांगून द्यायचा, हातात स्टॉपवॉच द्यायचं, वीस झोके मोजायला लावायचे, आणि तीन रीडिंग घेतल्याशिवाय सही मिळणार नाही हे दरवर्षी नव्या तोंडांना सांगायचं, हे माझं काम. घर जुळे सोलापुरात. मुलगी पुण्याला नोकरीला, घरी आम्ही दोघंच. मी चोपन्न, नीला एकोणपन्नास.

गेल्या वर्षी नीलाला साधा ताप आला आणि उतरला, पण तिची ताकद परत आली नाही. दुसऱ्या मजल्यावर येताना ती मधल्या पायरीवर थांबायला लागली. डॉक्टरांनी सोनोग्राफीसारखी हृदयाची इको केली आणि सांगितलं, तापाच्या विषाणूने हृदयाचा स्नायू कमजोर केलाय. आकडा अडतीस. म्हणजे हृदयात शंभर भाग रक्त भरलं तर एका ठोक्याला त्यातले अडतीस भागच बाहेर ढकलले जातात. चांगल्या माणसाचे पंचावन्न-साठ जातात. गोळ्या सुरू झाल्या. मी एक वही केली. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा – नीलाची नाडी, बीपी, वजन. एकही दिवस खाडा नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "इकोत यांचं हृदय नीट दिसत नाही, फुप्फुस आड येतंय. नक्की आकडा हवा असेल तर कार्डियाक एमआरआय करू. पस्तिसाच्या वर असेल तर गोळ्यांवर चालू राहील. पस्तिसाच्या खाली असेल तर कॉलरबोनखाली शॉकचं मशीन बसवावं लागेल. असं हृदय कधीही ताल सोडू शकतं, त्या क्षणी मशीनने झटका द्यायचा असतो."

"आणि पस्तिसाच्या जवळपास आला तर?" मी विचारलं.

"म्हणून तर एमआरआय. तो आकडा पक्का असतो."

नीला रिक्षात म्हणाली, "मला छातीत ते नको. पण लागणार असेल तर आहेच." तेव्हापासून आमच्या घरात पस्तीस हा आकडा कुणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. भाजीवाल्याने पस्तीस म्हटलं तरी ती माझ्याकडे बघायची.

आता एक घरची गोष्ट सांगावी लागेल, कारण पुढे ती लागते. आम्ही लिंगायत. नीलाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात निम्मं कानडी. लहानपणी दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग ती चांदीच्या डबीत, दोऱ्याने गळ्यात घालते. आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तिच्या तोंडात पाणी जात नाही. ते अंगावेगळं करायचं नसतं. माझंही होतं. हॉस्टेलला असताना खिळ्याला टांगलं, ते पुढे देवघराच्या खणात गेलं, आजतागायत तिथेच आहे. यावरून नीला मला कधी बोलली नाही. तिची थोरली बहीण बोलते, तिच्याकडे येईनच.

एमआरआय होटगी रस्त्यावरच्या एका सेंटरमध्ये, साडेअकराची वेळ. तिथले टेक्निशियन श्रीनिवास, वय चाळीस-बेचाळीस. घरी तेलुगू, वडिलांचे साखर पेठेत यंत्रमाग होते, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

"मॅडम, धातूचं काही ठेवायचं नाही की अंगावर. बांगड्या, मंगळसूत्र, हे गळ्यातलं पण. लॉकर आहे हितं."

नीलाने बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं. डबीवर हात ठेवून उभी राहिली. "हे लॉकरमध्ये नाही ठेवायचं."

"मग सरांकडं द्या की. चुंबक लई बेकार हाय, चांदी सोडली तरी आत काय असतंय आपल्याला ठाऊक न्हाय."

तिने दोरा डोक्यावरून काढला, डबी कपाळाला लावली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "हातातच धरा. खाली ठेवू नका, खिशात टाकू नका." पन्नाशीला आलेली ती बाई त्या क्षणी कपडे काढून घेतल्यासारखी अंग चोरून आत गेली.

मी बाहेर बाकावर बसलो. उजव्या हातात तिची फाइल, डाव्या हातात डबी. आत मशीनचा ठकठकाट सुरू झाला, भिंतीतून स्पीकरवरचा आवाज यायचा – श्वास घ्या... सोडा... आता धरा. मग बारा-तेरा सेकंद शांतता. परत तेच. थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. तिला आईच्या जुन्या इकोचे आकडे हवे होते, ऑफिसातल्या कुणा मैत्रिणीच्या डॉक्टर भावाला विचारायला. फाइल उघडायची तर हात मोकळा पाहिजे. डबी खाली ठेवायची नाही, खिशात नाही. मग मी केलं ते अगदी साधं – दोरा गळ्यात घातला. फाइलवर डबी आपटू नये म्हणून ती शर्टाच्या आत सोडली. छातीला गार लागली आणि मग विसरलो.

पाऊण तास म्हटलं होतं, सव्वा तास लागला. मधे श्रीनिवास बाहेर आले. "मॅडमना आधी कधी ठोके चुकल्यासारखं व्हायचं का?"

"नाही. दोन वेळा ठोके नोंदवणारी चोवीस तासांची पट्टी लावून झालीय. स्वच्छ आहे. वहीत आहे सगळं."

"सुरुवातीला चांगलं चाललं होतं. आता ट्रिगर पिसाळलाय," असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले.

नीला बाहेर आली तेव्हा चेहरा बरा होता. मी डबी गळ्यातून काढून दिली, तिने घेतली, घातली. चपला शोधताना म्हणाली, "तुम्ही आत आला होता का मधे?"

"मला कोण सोडेल आत?"

"न्हाय... पाठीला पाठ लावून झोपतो ना आपण, तेव्हा तुमचं जसं जाणवतं, तसं जाणवत होतं. मी म्हटलं, आले वाटतं." मग हसली. "त्या ठकठकाटात कुणालाही काही वाटेल."

मी वहीत फक्त वेळ लिहिली. बाकीचं लिहिण्यासारखं वाटलं नाही.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. आकडा एकतीस.

डॉक्टरांनी मान हलवली, शॉकचं मशीन बसवायला पुढच्या पंधरवड्यातली एक तारीख दिली. नीलाने "बरं" म्हटलं. घरी आल्यावर तिने ज्वारीचं पीठ मळायला घेतलं आणि मळतच राहिली. मी रिपोर्ट घेऊन बसलो. मी कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, औषधाच्या डबीतली घडीही. तिसऱ्या पानावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. तिचा अर्थ असा – अभ्यासाच्या बऱ्याच भागात ठोक्यांची वेळ मशीनला नीट पकडता आलेली नाही. मापं जपून घ्यावीत.

जपून म्हणजे किती? अधिक-उणे दोन, की अधिक-उणे दहा? अधिक-उणे दोन असेल तर तारीख पक्की. दहा असेल तर आपण एका चुकीच्या रीडिंगवर बाईची छाती उघडतोय.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सेंटरवर गेलो. श्रीनिवास चहाला बाहेर आले होते. मी ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "बारा वर्षांत ही ओळ घेऊन आलेले तुम्ही पहिले, सर."

मग त्यांनी समजावलं, आणि चांगलं समजावलं. हृदयाचा फोटो एका ठोक्यात निघत नाही, मशीन तेवढं वेगवान नाही. बारा-पंधरा ठोक्यांमधून ते तुकडे गोळा करतं आणि जोडून एका ठोक्याचं चित्र बनवतं. त्यासाठी प्रत्येक ठोका नेमका कधी सुरू झाला हे कळायला हवं. ते छातीवरच्या तारांतून कळतं, त्याला ट्रिगर म्हणायचं. ट्रिगर चुकला की आवळलेल्या हृदयाचा तुकडा सैल हृदयाच्या तुकड्याला जोडला जातो.

"आमच्याकडं चादरीवर मोर काढायचे," ते म्हणाले. "मागावरच्या जकार्डला भोकाची कार्डं असतात, एका ओळीला एक कार्ड. एक कार्ड मागंपुढं झालं की मोराचं तोंड पाठीवर. सूत चांगलं, माग चांगला, मोर बाद. तसंच हे. हृदय पूर्ण आवळलंय तो क्षण पुसट झाला की ते हाय त्यापेक्षा मोठं दिसतंय. मग रक्त कमी बाहेर पडतंय असा हिशेब निघतो. आकडा खाली येतो."

"किती खाली?"

"ते कुणी सांगू शकत न्हाय."

"आणि ट्रिगर चुकला कशाने?"

त्यांनी कप खाली ठेवला. साधारणपणे काय होतं तेही सांगितलं – चुंबकात वाहणारं रक्त स्वतःची थोडी वीज तयार करतं, त्यामुळे ठोक्यानंतरची छोटी लाट फुगते आणि मशीन तिलाच दुसरा ठोका समजतं. रोजचं आहे ते. तारा सरकवल्या की जातं. "मी तीनदा तारा बदलल्या. गेलं न्हाय. बोटाला लावलेल्या चिमट्यावर मॅडमची नाडी शहात्तर. तारांवर कधी एकशे तीस, कधी एकशे चौतीस. चित्रात हृदयाच्या भिंतीला दुसरी पुसट भिंत. आम्ही त्याला घोस्ट म्हणतो." मग माझा चेहरा बघून घाईने, "नुसतं नाव हाय ते, सर. कुणी हाललं तरी येतंय."

एकशे चौतीस वजा शहात्तर, अठ्ठावन्न. ही वजाबाकी मी तिथेच केली, सवयीने. तेव्हा तिला काही अर्थ नव्हता.

मशीन प्रत्येक ट्रिगरची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहून ठेवतं. मी ती यादी मागितली. त्यांनी डोकं खाजवलं, पण दिली, अकरा पानं.

डॉक्टर आधी वैतागले, मग यादीची पहिली दोन पानं बघून म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा करू. पण हा आकडाही खाली आला तर मग वाद नको." मी म्हटलं, नाही घालणार.

दुसऱ्या एमआरआयच्या आदल्या दिवशी अक्का आल्या, नीलाची थोरली बहीण. पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि मला ऐकवायच्या गोष्टी. जेवताना नीलाने त्यांना सहज सांगितलं की मागच्या वेळी डबी यांच्याकडे दिली होती, यांनी नीट सांभाळली, गळ्यातच घालून बसले होते.

अक्कांचा हात ताटात थांबला. "गळ्यात?"

"फोन आला होता," मी म्हणालो. "हात मोकळा नव्हता."

"भाऊजी, एकाचं लिंग दुसऱ्यानं गळ्यात घालतात का? तुमचं स्वतःचं खणात पडलंय, आणि बायकोचं घालून बसला व्हय? ज्याचा जीव त्याच्याजवळ असतोय. हातात धरायला दिलं तर हातात धरायचं. एवढी फिजिक्स शिकवता की पोरांना."

"मी शिकवत नाही. मी सामान मांडून देतो."

"मग हितं मांडून ठेवलेलं उचललंत कशाला?"

नीला हसली. महिनाभरात पहिल्यांदा. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी डबी अक्कांकडे. पांढऱ्या कापडात गुंडाळून, डाव्या तळहातावर, पाऊण तास पापणी न हलवल्यासारख्या त्या बाकावर बसून होत्या. मी शेजारी. फोन बंद. आत श्वास घ्या, सोडा, धरा.

श्रीनिवास बरोबर चाळिसाव्या मिनिटाला बाहेर आले. "एकदम साफ. तारा त्याच, जागा तीच. मोर सरळ आला, सर."

आकडा सेहेचाळीस.

शॉकच्या मशीनची तारीख रद्द झाली. नीलाने त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर येताना मधल्या पायरीवर थांबून मागे बघितलं आणि म्हणाली, "दमले म्हणून न्हाय थांबले. तुम्ही मागे राहिलात."

हे इथे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. एकतीस चूक होता, सेहेचाळीस बरोबर, चुकीचं कारण कळलं नाही. लॅबमध्ये असं होतं. पण चूक कुठून आली हे न कळता वही बंद करणं मला जमत नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर आलेख कागद पसरला आणि पहिली यादी उतरवायला घेतली. प्रत्येक ट्रिगरला एक ठिपका.

फुगलेली लाट असती तर प्रत्येक खऱ्या ठोक्यामागे ठरावीक अंतरावर एक खोटा ठिपका आला असता – आईचा पदर धरून चालणाऱ्या पोरासारखा. तसं नव्हतं. अंतर बदलत होतं. जास्तीचा ठिपका मागे पडायचा, अजून मागे पडायचा, पुढच्या ठोक्याला गाठायचा, त्याच्यावर बसायचा, परत सुटायचा. हे मी ओळखतो. सत्तावीस वर्षं बघतोय. वेगळ्या लांबीचे दोन लंबक शेजारी-शेजारी सोडले की असंच होतं. भेटतात, सुटतात, भेटतात. एकाला दुसऱ्याशी काही देणंघेणं नसतं.

मी खरे ठोके लाल पेन्सिलने वेगळे काढले. राहिलेल्या ठिपक्यांमधलं अंतर मोजलं – एक पूर्णांक तीन शतांश सेकंद. परत तेच. परत तेच, शेवटच्या अंकात थोडं मागेपुढे. मिनिटाला अठ्ठावन्न. आणि त्यात काही ठिकाणी खंड होते. एक ठिपका गायब, आणि पुढचा बरोबर दुप्पट अंतरावर, जणू मधला झोका पडला खरा पण कुणाला दिसला नाही. अकरा पानांत असे नऊ खंड. एका ठिकाणी लागोपाठ दोन ठिपके गायब.

मी कागद बाजूला ठेवला आणि पाणी प्यायलो. टेबलावर काय होतं हे मला समजत होतं. ते एक हृदय होतं. नीलाचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नीलाची तपासणी होती. मी फक्त दुसऱ्या रांगेचे ठिपके एका स्वच्छ कागदावर उतरवून नेले, नाव न घालता. सगळं बोलून झाल्यावर कागद पुढे सरकवला. "डॉक्टर, हे कुणाच्या ठोक्यांचं मोजमाप असेल तर काय म्हणाल?"

त्यांनी चष्मा वर केला. बोट एका खंडावरून दुसऱ्यावर गेलं. "इथे ठोका गळतोय. आणि पुढचा बरोबर दुप्पट वेळाने. हृदयातून ठिणगी निघते पण बाहेर पोचत नाही." मग त्या लागोपाठच्या दोन गायब ठिपक्यांपाशी थांबले. "कोण आहे हा पेशंट? त्याला घेऊन या. लवकर घेऊन या."

"कोण ते माहीत नाही," मी म्हणालो. हे त्या वेळी खरं होतं, की मी खरं करून घेतलं होतं, ते आता सांगता येत नाही.

नीला शेजारच्या खुर्चीवर पिशवी आवरत होती. वर न बघता म्हणाली, "यांचाच आहे तो."

डॉक्टर हसले. मीही हसलो. ती हसली नाही. "मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला. पाठीला लागत होता."

डॉक्टरांनी बहुधा तिचं मन राखायला माझं मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागले. अर्ध्या मिनिटात त्यांचं हसू गेलं. पूर्ण मिनिट झाल्यावर त्यांनी हात सोडला नाही, दुसरं मिनिट मोजलं. "चक्कर येते?"

"नाही." मग आठवलं. लॅबमध्ये दोनदा टेबल धरावं लागलं होतं. मी ते उन्हावर टाकलं होतं. सोलापूरचं ऊन कुणालाही कारण म्हणून पुरतं.

चोवीस तासांची पट्टी या वेळी माझ्या छातीवर लागली. ठोके अठ्ठावन्नच्या आसपास. खंड बरोबर दुप्पट. पहाटेच्या वेळी एक खंड चार सेकंदांचा, त्या वेळी मी झोपेत होतो आणि शेजारी नीलाही. दहा दिवसांत माझ्या कॉलरबोनखाली पेसमेकर बसला. नीलासाठी तारीख घेतली होती त्याच ऑपरेशन थिएटरच्या दारातून मी चाकाच्या खुर्चीत आत गेलो. अक्का भेटायला आल्या. देवघराच्या खणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत.

आता शंका. त्या मांडल्याशिवाय मी कागद देणार नाही.

पहिली – अठ्ठावन्न नाडी असलेली माणसं सोलापुरात हजारो असतील. मान्य. दुसरी – डॉक्टर म्हणतात, योगायोग. तारांमध्ये कुठूनतरी विजेचा त्रास आला असेल. पण विजेच्या त्रासाचा ठोका गळत नाही. तिसरी – माझ्या छातीवरच्या डबीतून जाड भिंतीपलीकडे, तांब्याचं आवरण असलेल्या खोलीत काही पोचू शकत नाही. हे तर मीच सगळ्यांना सांगतो. दगड आहे तो.

आणि मग वेळ. यादीत पहिली सहा मिनिटं स्वच्छ आहेत, नुसते नीलाचे ठोके. पहिला जास्तीचा ठिपका अकरा वाजून बेचाळीस मिनिटं सहा सेकंदांनी. माझ्या फोनवर मुलीचा कॉल आल्याची वेळ अकरा एक्केचाळीस. मशीनचं घड्याळ आणि माझा फोन यांच्यात फरक असू शकतो, म्हणून मी पुन्हा सेंटरवर जाऊन दोन्ही शेजारी धरून बघितले. मशीन वीस सेकंद पुढे. म्हणजे फोन घेतला, "थांब, फाइल उघडतो" म्हटलं, दोरा गळ्यात घातला, आणि तेवढ्यात पहिला ठिपका. याहून बारीक मोजायला माझ्याकडे साधन नाही.

पुढच्या वर्षी नीलाचा पुन्हा एमआरआय आहे. मी एकदा भीत-भीत म्हटलं, एक रीडिंग अजून घेता येईल. तिने तव्यावरची भाकरी उलटली. "आता तुमच्यात मशीन आहे. त्याचे ठोके मला कशाला?"

तिचं बरोबर आहे. पेसमेकर मला साठच्या खाली जाऊ देत नाही. माझा अठ्ठावन्नचा ताल, ज्यावर मी चोपन्न वर्षं चाललो, तो आता मनगट धरून मलाही सापडत नाही. कुठे शिल्लक असेल तर त्या चोवीस तासांच्या पट्टीवर, आणि या अकरा पानांत. पट्टीवर माझं नाव आहे. अकरा पानांवर, प्रत्येकाच्या डोक्यावर, पेशंटचं नाव म्हणून नीलाचं.

परवा ती पूजेला बसली होती, डावा हात समोर, डोळे मिटलेले. मी यादी काढली आणि तिच्या नावाखाली पेन्सिलने माझं लिहायला टोक टेकवलं. मग थांबलो. रीडिंग एकच आहे. एका रीडिंगवर मी आजवर कुणाला सही दिलेली नाही.

तिथे पेन्सिलचा फक्त एक ठिपका उरलाय.